पायी माणूस मोजत नाहीत

तुमच्या घरापुढून जो रस्ता जातो, तो रस्ता आहे का?

घाईनं हो म्हणू नका. त्यावरून तुम्ही रोज जाता, त्यावरून तुमच्या घरी सून आली, त्यावरूनच आजोबांना शेवटचं नेलं, हे सगळं खरं असेल. पण तो पुरावा होत नाही. सरकारच्या लेखी ज्याला क्रमांक आहे तो रस्ता. क्रमांक नसेल तर ती वहिवाट. वहिवाटीवरून माणसं जाऊ शकतात, निधी जाऊ शकत नाही.

मी बांधकामाच्या एका सरकारी कार्यालयात रोजंदारीवर होते. स्थापत्याची पदविका घेतलेली, त्यामुळं टेप धरण्याऐवजी टेपवरचा आकडा वाचण्याचं काम मला मिळालं. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतल्या गावरस्त्यांचे प्रस्ताव आले की जागेवर जायचं, मोजमापं घ्यायची आणि हा रस्ता निधीला पात्र आहे की नाही यावर टिपण लिहायचं. निर्णय माझा नसे. सही माझी नसे. धूळ तेवढी माझी असे.

आमच्या पिंपळीच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील सभांची पत्रकं वाटायचे आणि उरलेली घरी आणायचे. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरच. पत्रकाच्या प्रत्येक वाक्यात मागणी असते. सरकारी टिपणात मागणी चालत नाही, हे मला नोकरीत कळलं. माझं पहिलंच टिपण साहेबांनी परत केलं. वर शेरा होता : ‘तात्काळ’ आणि ‘अन्याय’ हे शब्द वगळावेत. वगळले. टिपण एका ओळीचं उरलं आणि लगेच मंजूर झालं.

लोकांना वाटतं, रस्ता पुढाऱ्याच्या शब्दानं मिळतो. मिळतोही. पण शब्दामागं कागद लागतो आणि कागदामागं पात्रता लागते. ही पात्रता म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला समजेल असं सांगते. रस्त्याला क्रमांक हवा, म्हणजे तो वीस वर्षांच्या रस्ते आराखड्यात असायला हवा. तो कुठून तरी निघून कुठंतरी पोचायला हवा. वस्तीच्या शेवटच्या घरापाशी संपणारा रस्ता कुठंच पोचत नाही, असं धरतात. दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांची जागा सोडायला लेखी संमती हवी. रस्ता खराब हवा. आणि त्यावर वाहतूक हवी.

शेवटच्या दोन अटी पुन्हा वाचा. रस्ता असा हवा की त्यावरून जाता येऊ नये, आणि त्यावरून पुष्कळ वाहनं जात असली पाहिजेत.

संमतीचं प्रकरण वेगळंच असतं. शेळगावच्या बाजूला दोन सख्खे भाऊ होते, एकमेकांशी बोलत नसत. मधल्या बांधावरून रस्ता जायचा होता. थोरले तात्या म्हणाले, “रस्ता झाला पायजे, माजी पूर्ण संमती हाय. फकस्त त्याच्या अंगानं घ्या.” धाकटे म्हणाले, “माजी बी संमती हाय. त्याच्या अंगानं घ्या.” दोघांनी तसं लिहून दिलं, सह्या केल्या. कागदोपत्री शंभर टक्के संमती झाली आणि रस्ता अजून व्हायचा आहे. पण त्या दोघांना निदान अडवायला जमीन होती. आता ज्या वस्तीबद्दल सांगायचं आहे, तिथं कुणीच काही अडवलं नाही.

ही चारीवस्ती. कालव्यातून शेतांकडं पाणी नेणारा जो छोटा पाट, त्याला आमच्याकडं चारी म्हणतात. या चारीच्या कडेनं वस्ती आहे. छप्पन सालानंतर बौद्ध झालेली बरीचशी घरं आणि मुसलमानांची काही. सगळी काळी जमीन. उन्हाळ्यात तिला पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती चप्पल ठेवून घेते. डांबरी रस्त्यावरच्या फाट्यापासून वस्ती दीडेक किलोमीटर आत आहे आणि तीच वाट वस्ती ओलांडून पलीकडच्या गावाला जाते. म्हणजे कुठून तरी निघते आणि कुठंतरी पोचते. क्रमांकही मिळाला होता. वस्तीतल्या आतल्या गल्लीला दलित वस्ती सुधारणेतून सिमेंट काँक्रीट झालं होतं. त्या योजनेत वस्तीच्या आतलं काम बसतं, वस्तीपर्यंतचं बसत नाही. त्यामुळं एकदा वस्तीत पोचलं की चालायला उत्तम.

वस्तीचे पुढारी गंगाराम आबा. सत्तरीकडं झुकलेले, पांढरी टोपी, आवाज खणखणीत. गावातला दुसरा बोलका माणूस शब्बीरभाई, ज्याचं वस्तीत किराणा दुकान होतं. पावसाळ्यात तो साखरेचं पोतं फाट्यावरून डोक्यावर आणी आणि भाव तोच ठेवी. “डोक्याचं भाडं लावलं तर गिऱ्हाईक पायानं दुसरीकडं जातंय,” असं म्हणे.

पण रस्त्याची सगळ्यात जास्त गरज होती ती आबांच्या सुनेला, शकुंतलाला. ती एमआयडीसीत दुधाच्या एका कारखान्यात पॅकिंगला होती. हंगामी. कारखान्याची गाडी पहिल्या पाळीसाठी उजाडायच्या आत फाट्यावर यायची आणि थांबायची नाही. गाडी चुकली की खाडा. खाडे फार झाले की कायम करायच्या वेळी नाव मागं जातं, आणि मागं गेलेलं नाव पुढं आलेलं कुणी पाहिलेलं नाही. नवरा वारलेला, मुलगी तिसरीत. वस्तीतल्या बाकीच्या कामगार बाया एकेक करून बारामतीत खोली घेऊन राहायला गेल्या होत्या. शकुंतला जात नव्हती, कारण आबा जाणार नव्हते आणि आबांना एकटं ठेवणं तिला पटत नव्हतं. कायम झाली तर वस्तीत राहून नोकरी, नाहीतर खोली. मध्ये दुसरं काही नव्हतं.

पाहणीचा दिवस ठरला. ग्रामसेवकानं वस्तीला कळवलं की मोठे साहेब स्वतः रस्ता बघायला येणार आहेत.

आम्ही जीपनं फाट्यावर वळलो आणि मी चपापले. महिन्यापूर्वी मी इथं मोजमाप घ्यायला आले होते, तेव्हा टेपच चिखलात हरवला होता. आता वाटेवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मुरूम पडला होता. खड्डे बुजवले होते. वरून रोलर फिरवला नव्हता, पण बायांनी धुम्मसानं चोपलं होतं, जशी अंगणाची जमीन करतात तशी. बाजूच्या बाभळी छाटल्या होत्या. वस्तीच्या तोंडाशी पाणी शिंपडून रांगोळी काढली होती. होडी पाण्यावरून जावी तशी जीप गेली. साहेबांच्या हातातला चहाचा पेला हललाही नाही.

आबा पुढं आले. साहेबांना हार घातला.

“आबा, हे कधी केलं?” मी हळू विचारलं.

“धा दिस झालं सारी वस्ती राबतीया. खाडा करून राबलो. साहेब येनार, मंग काय तसंच ठिवायचं? पावन्याला चिखलातनं आनायचं?”

“आबा, रस्ता खराब असायला पाहिजे होता.”

“व्हता की. खराब व्हता म्हनून तर नीट केला.”

साहेब सरळ माणूस होते. लाच घेत नसत, म्हणून त्यांची आमच्याकडं बदली झाली होती असं लोक म्हणत. डोळ्यांना जे दिसलं ते त्यांनी लिहिलं : ‘रस्ता सुस्थितीत, जीप वाहतुकीस योग्य. प्राधान्य देण्याची आवश्यकता दिसून येत नाही.’ मी परतताना सांगायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, “मला कळतंय हो. पण रांगोळी काढलेल्या रस्त्याला मी खराब लिहू कसा? फोटो जोडायचा असतो.”

पुढच्याच पावसात मुरूम काळ्या मातीत गेला. कुठं गेला ते सांगता येणार नाही. ती जमीन काहीही ठेवून घेते. मला राग आला तो वस्तीचा नाही. घरी पाहुणा येतो म्हटल्यावर आपण सगळेच फाटकं पांघरूण आत टाकतो. आपलं फाटकं पुढं मांडून दाखवावं लागतं तेव्हाच काही मिळतं, ही अट ज्यांनी घातली त्यांच्याकडं कधी पाहुणा गेला नसावा.

सुस्थितीचा शेरा खोडायला पुढचा पावसाळा लागला. या वेळी मी फोटो काढला आणि त्यात वाट दाखवायला बाण काढावा लागला, कारण वाट कुठली नि शेत कुठलं ते कळत नव्हतं. खराबपणा सिद्ध झाला. उरली शेवटची अट, वाहतूक. वाहतुकीची गणना करण्याचा आदेश आला तो ऐन श्रावणात.

गणना म्हणजे मोठं शास्त्र वाटतं, पण साधं काम असतं. रस्त्याकडेला बसायचं आणि जे जाईल त्याची छापील कागदावर रेघ मारायची. कागदाला रकाने असतात : ट्रक, बस, मोटार, ट्रॅक्टर, मोटरसायकल, सायकल, बैलगाडी. मी चारीच्या पुलापाशी बाभळीखाली पोत्यावर बसले. शब्बीरभाईनं चहा पाठवला.

अंधुक उजेडात शकुंतला आली. चपला हातात, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, डब्याची पिशवी गळ्यात. मागं आणखी तीन-चार बाया.

“काय लिवताय बाई एवढ्या सकाळी?”

“जाणाऱ्या-येणाऱ्यांची नोंद.”

“आमची केली का?”

“चालणाऱ्यांचा रकाना नाही.”

ती थांबली. गाडी चुकेल म्हणून मागच्या बाया पुढं गेल्या, ही थांबली.

“आन् म्हशींचा?”

“जनावरांचाही नाही. गाडीला जुंपलेली असली तर गाडी म्हणून धरतात.”

“म्हंजी मला गाडीला जुंपली तर माजी नोंद हुईल.” असं म्हणून ती गेली. चिखलात तिच्या पावलांचा चपाक चपाक आवाज बराच वेळ येत होता. तो लिहायलाही रकाना नव्हता.

त्या दिवशी त्या वाटेनं वस्तीतलं प्रत्येक माणूस गेलं आणि आलं. शाळेची पोरं गेली. दुधाच्या किटल्या डोक्यावर गेल्या. एक बाळंतीण खाटेवरून फाट्यापर्यंत नेली, चौघांनी उचलून. खाट हे वाहन आहे का, हे मी विचारलंच नाही. संध्याकाळी माझ्या कागदावर एकच रेघ होती, शब्बीरभाईच्या मोपेडची. ती पुलापाशी रुतली, म्हणून परतीची रेघ नव्हती.

शब्बीरभाई चिखल धूत माझ्या कागदात डोकावला. “सायकल धरतात का, बाई?”

“धरतात. मोटारीच्या निम्मी.”

“आणि बैलगाडी?”

“ती मोटारीपेक्षा कितीतरी जास्त. हळू चालते, वाट अडवते, म्हणून.”

“वा. म्हंजी जो लोकांची वाट अडवंल त्याला जादा मार्क.” तो बराच वेळ हसत होता. बैलगाड्या त्या चिखलात उतरणं शक्य नव्हतं. पण सायकलीचं त्यानं डोक्यात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी बाभळीखाली बसते तोच वाटेनं सायकली यायला लागल्या. वस्तीतल्या, पलीकडच्या गावातनं मागून आणलेल्या, एकीला तर साखळीच नव्हती. कुणी त्यांच्यावर बसलेलं नव्हतं. काळ्या चिखलात चाक दोन फेरे घेतं आणि मडगार्डात माती गच्च बसून थांबतं. बायांनी त्या ढकलल्या, मग ओढल्या, मग उचलल्या. शकुंतला सगळ्यात पुढं होती. शेजाऱ्याची सायकल तिनं खांद्यावर घेतली होती आणि डब्याची पिशवी हँडलला अडकवली होती.

“लिवा,” ती म्हणाली.

मागून आबा ओरडले, “ए शकू, लोकं सायकलीवर बसून जात्यात.”

“आबा, तुमी मुरूम टाकून बसलात, आता मला माज्या रीतीनं करू द्या.”

  मी लिहिलं. सगळ्या सायकली लिहिल्या. शेऱ्याच्या रकान्यात खरं तेही लिहिलं : ‘वाहन खांद्यावर’.

कार्यालयात साहेबांनी कागद वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

“वाहन खांद्यावर म्हणजे?”

“म्हणजे सायकल खांद्यावर होती, साहेब. पण त्याच रस्त्यानं गेली.”

त्यांनी हे थट्टेवारी नेलं नाही, हे त्यांच्याबद्दल सांगायला हवं. कपाटातून नियमांचं पुस्तक काढलं. बरीच पानं चाळली. सायकल आणि माणूस यांच्यात कोण वर असावं याबद्दल पुस्तक काही बोलत नव्हतं. शेवटी त्यांनी स्वतःच निकाल दिला. “सायकलीवर माणूस असेल तर वाहन. माणसावर सायकल असेल तर ओझं.” आणि सगळ्या रेघा लाल शाईनं खोडल्या. शेरा : ‘वाहतूक नगण्य.’

मी म्हणाले, “साहेब, रस्ता नाही म्हणून वाहनं नाहीत.”

“आणि वाहनं नाहीत म्हणून रस्ता नाही. मला तोंडपाठ आहे.”

“मग?”

“मग शब्द बदलून बघू. श्रावणात कुणाच्याही शिवारातली वाहतूक नगण्यच असते. ऊसतोड सुरू झाली की बैलगाड्या येतात. हंगामात फेरगणना व्हावी, असं टिपण करा. आणि ‘अन्याय’ लिहू नका.”

मी लिहिला नाही. फेरगणना मंजूर झाली. ती मंजुरी यायला वेळ लागला आणि मधल्या मार्चमध्ये माझी रोजंदारी संपली. ती पुन्हा सुरू झाली नाही. त्यामुळंच मला हे सगळं असं लिहिता येतंय आणि ‘अन्याय’ हा शब्दही वापरता येतोय. पण वापरून बघितला तेव्हा तो चारीवस्तीला फारच मोघम वाटला. त्यापेक्षा ‘चालणाऱ्यांचा रकाना नाही’ हे जास्त खरं आहे. सरकारनं कुणाचं काही हिसकावून घेतलं, असं इथं घडलं नाही. फक्त मोजायला बसलेल्या माणसाच्या हातात, म्हणजे माझ्या हातात, जो कागद दिला त्यावर शकुंतलाला जागा ठेवली नव्हती. पायी चालणारा माणूस रस्ता झिजवत नाही, म्हणून त्याला रस्ता लागत नाही, असा तो हिशेब आहे.

गेल्या महिन्यात चारीवस्तीला जाऊन आले. पाऊस ओसरला होता, वाट वाळून घट्ट होत होती. शकुंतला सुट्टीवर होती. चुलीपुढं बसून भाकरी थापत तिनं सगळं सांगितलं. या पावसाळ्यात पुन्हा खाडे झाले. कायम करायची यादी हंगामानंतर लागणार आहे. मागच्या यादीत तिच्या आधी लागलेल्या दोघींना घेतलं, दोघींनी बारामतीत खोली केली होती.

“मी बी खोली बघून ठिवलीया,” ती म्हणाली. “पोरीला घिऊन जानार. आबा म्हनत्यात, जा. म्हनत्यात खरं, पर दोन दिस जेवलं न्हाईत.”

आबा बाहेर ओट्यावर होते. त्यांना ऐकू गेलं. “मी एकादस धरली व्हती,” ते म्हणाले.

“बौद्धाला कसली एकादस, आबा?” शकुंतलानं आतूनच विचारलं.

“पोटाची.”

शब्बीरभाईनं आणखी एक गोष्ट लक्षात आणून दिली, आणि ती खरी आहे, मी नियम पाहिला. ठरावीक लोकसंख्येच्या खाली वस्ती गेली की रस्ता पात्र यादीतूनच निघतो. गेलेल्या घरांनी वस्ती त्या रेषेपाशी आणून ठेवली आहे. शकुंतला आणि तिची मुलगी अशी दोन माणसं गेली, तिच्यामागनं अजून एखादं घर हललं, की पुढं वाहतूक कितीही असो, मोजायला कुणी येणार नाही. ती म्हणते, “फेरगणनेपत्तुर थांबते. रस्ता मंजूर झाला तर हितंच ऱ्हाते. रस्ता झाला न्हाई तरी चालंल, मंजूर झाला पायजे. मग पुढच्या पावसाळ्यात चिखलातनं जाईन, पर तो शेवटचा चिखल म्हनून जाईन.”

फेरगणना दिवाळीनंतर, ऊसतोड सुरू झाली की होणार आहे. तोडकऱ्यांच्या बैलगाड्या येतील, पण साखर कारखाना त्या आठवड्यात त्यांना कुठल्या शिवारात पाठवील याचा नेम नाही. त्या दुसऱ्या बाजूला गेल्या, तर माझ्या जागी बसलेला मुलगा पुन्हा कोरा कागद घेऊन परत जाईल. त्याचा त्यात दोष नसेल.

म्हणून हा अंक ज्यांच्या हातात आहे, त्यांना सांगायचं ते सांगते. तुमच्याकडं ट्रॅक्टर असेल, मोटरसायकल असेल, जुनी जीप असेल, सायकल असेल. बैलगाडी असेल तर तुम्ही आमचे सगळ्यात मोठे पाहुणे. बारामती-इंदापूर रस्त्यानं जाताना मोठ्या कालव्याचा पूल लागतो, त्याच्या अलीकडं वस्तीचा फाटा आहे. गणनेचे दिवस ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागतील. त्या दिवसांत एकदा फाट्यावरून आत वळा. खोटं काही करायचं नाही. खरोखर यायचं, आबांच्या ओट्यावर बसायचं, शब्बीरभाईच्या दुकानातून काहीतरी विकत घ्यायचं, शकुंतला घरी असेल तर तिच्याशी चार शब्द बोलायचे आणि खरोखर परत जायचं. येतानाची एक रेघ आणि जातानाची एक. जमलं तर पलीकडच्या गावापर्यंत जाऊन या, रस्ता तिथंही पोचतो. शेजाऱ्याला घेऊन या, पण त्याला मागच्या सीटवर बसवू नका. त्याचं वाहन वेगळं आणायला सांगा.

कुठूनही या, कितीही उशिरा या. फक्त चालत येऊ नका.